समोरच्या घरापर्यंत गेलेला रुमाल

मी एक रुमाल बोलतो आहे. खिशात घडी घालून बसणाऱ्या आणि शिंक आल्यावरच आठवणाऱ्या चिमुकल्या जातीशी माझे नाते जोडू नये. मी दोन हात लांब, दोन हात रुंद, जाड सुताचा आणि चारही टोकांना गाठ पेलणारा रुमाल आहे. पूर्वी दप्तरखान्यातली कागदपत्रे ज्यात बांधत त्यालाही रुमालच म्हणत. तेव्हा माझे घराणे विद्वानांच्या बऱ्यापैकी जवळचे आहे. माझ्या वाट्याला मात्र शेवंती आणि भाकरी आली. त्याचे दुःख नाही. कागदांपेक्षा दोन्हींना वास चांगला असतो.

दुर्गाबाईंनी मला अकोटच्या बाजारात विकत घेतले, तेव्हा रंग जाणार नाही अशी दुकानदाराने शपथ घेतली होती. पहिल्याच धुण्यात मी त्यांच्या मुलाच्या, गोवर्धनरावांच्या, चार बनियन गुलाबी केल्या. त्या घरातली माझी ही पहिली कामगिरी.

दुर्गाबाईंची भातकुलीला फुलांची शेती होती. पुढे सून आली, मनकर्णाबाई, आणि शेतीबरोबर मीही तिच्याकडे गेलो. पहाटे शेवंती आणि झेंडू तोडायचा, टोपल्या भरायच्या, बडनेरा स्टेशनवर आणायच्या आणि अकोल्याच्या व्यापाऱ्यासाठी पॅसेंजरमध्ये चढवायच्या. फुले डब्यात चढत, गार्ड हिरवी झेंडी दाखवी, गाडी निघे. मनकर्णाबाई फलाटावर राही. मी तिच्या काखेत, तिची भाकरी पोटात घेऊन. तीस वर्षे हा क्रम चालला. ती स्वतः अकोल्याला गेली ती एसटीने, तीही लग्नकार्यापुरती. आगगाडीत तिची फुले हजार वेळा बसली असतील. ती एकदाही बसली नाही.

माझे दुसरे काम याहून प्रतिष्ठेचे होते. मी प्रस्थानाचा रुमाल होतो.

ही प्रथा आता कमी झाली आहे, म्हणून सांगतो. प्रवासाला निघायचा दिवस वाईट असेल, तर त्याआधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपली एक वस्तू बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. त्या क्षणी प्रवास सुरू झाला. माणूस त्यानंतरही स्वतःच्याच घरी जेवतो, झोपतो, भांडतो; पण मुहूर्ताच्या लेखी तो गेलेला असतो. मग प्रत्यक्ष निघताना ती वस्तू तिथून उचलायची आणि परस्पर पुढे व्हायचे. मधल्या काळात ती घरी आणली, तर यात्रा मोडली. या प्रस्थानाला किती दिवसांची मुदत असावी याचेही नियम आहेत म्हणतात. ते ज्यांना माहीत असतात त्यांना कोणी विचारत नाही.

मी या रूढीचा पुष्कळ विचार केला आहे. बांधून ठेवलेल्याला दुसरा उद्योग नसतो. माझ्या मते आगाऊ आरक्षणाची ही आपल्याकडची सर्वांत जुनी पद्धत असावी. जागा आज धरायची, जायचे नंतर, आणि रद्द केल्यास काहीही परत मिळणार नाही.

मनकर्णाबाईने तांदूळ-सुपारी बांधून मला तीनदा प्रस्थानाला ठेवले. पहिल्यांदा तिरुपतीसाठी, तेव्हा दुर्गाबाई विहिरीपाशी घसरल्या. दुसऱ्यांदा जगन्नाथपुरीसाठी, तेव्हा मुलीला, खुशीला, कांजिण्या आल्या. तिसऱ्यांदा हरिद्वारसाठी, तेव्हा लग्नसराई निघाली आणि फुले सोडून जायचा गोवर्धनरावांना धीर होईना. तिन्ही वेळा तिने स्वतःच्या हाताने मला समोरच्या घरून परत आणले. पोटातल्या तांदळाचा भात झाला. सुपारी गोवर्धनरावांनी खाल्ली. अशा रीतीने तीन तीर्थक्षेत्रांना निघून समोरच्या घरापलीकडे न गेलेला मी बहुधा एकमेव यात्रेकरू असेन.

पुढे शेती वाट्याने दिली. नवराबायको अमरावतीला एका नव्या वस्तीत राहायला आली आणि खुशी शिकायला इटलीतल्या बोलोन्या नावाच्या शहरात गेली. तिचे शिक्षण यंदा ऑक्टोबरात संपायचे होते, त्यानंतर ती ते शहर सोडणार होती. सप्टेंबरात तिला दहा दिवस सुटी होती. तिने आईबापांना बोलावले, आणि येऊन काय पाहायचे आहे असे विचारले. देवळे, राजवाडे, समुद्र, काहीही सांग म्हणाली.

मनकर्णाबाई म्हणाली, “मले गाडीत बसाचं हाये. खिडकीपाशी.”

गोवर्धनरावांनी विचारले, की त्यासाठी इटली कशाला, अकोल्याला जाऊन येऊ, तासाभराचे काम आहे.

“अकोल्याले फुलं जाते,” ती म्हणाली. “अकोल्याची गाडी पाह्यली का मले टोपल्याच दिसते. मले जेथं काही पोचवाचं नाही, तेथं जाचं हाये.”

गोवर्धनरावांनी अकोल्याचा विषय सोडला. ते विषय क्वचितच सोडतात, म्हणून नमूद केले.

मग श्रावणात रोज संध्याकाळी बेत सुरू झाला. खुशी फोनवर दिसायची आणि तो फोन माझी घडी करून त्या घडीला टेकवलेला असायचा. म्हणजे इटलीच्या नियोजनात माझा आधार होता, हे अक्षरशः खरे आहे. रोमला उतरायचे, तिथून आगगाडीने फ्लोरेन्स, तिथून बोलोन्या, तिथून व्हेनिस आणि पुन्हा बोलोन्या. गाड्यांचे एका दिवसात जमले. घोडे अडले मुक्कामावर. खुशीच्या वसतिगृहात पाहुण्यांना मनाई होती, त्यामुळे प्रत्येक गावी खोली घ्यायची होती आणि व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या खोलीचा कागद लागणार होता.

मनकर्णाबाईच्या अटी मोजक्या होत्या. स्टेशन पायी जाण्याजोगे असावे, कारण गुडघे दुखतात. जिना नसावा, कारण तेच. आणि घरमालक घरी असावा.

ही शेवटची अट खुशीला कळेना. तिने समजावले, “आई, तेथं मालक घरी नसते. दारापाशी एक डबी असते. आकडे फिरवले का चावी निघते.”

“म्हणजे चोरानं फक्त आकडे पाठ करून यावं,” गोवर्धनराव म्हणाले.

मनकर्णाबाई हसली नाही. तिने विचारले, “मंग आपुन आलो, आपुन गेलो, हे पाह्याले कोण राहीन?”

खुशीने तो प्रश्न विनोद म्हणून घेतला. मी घेतला नाही. ज्याचे जाणे-येणे कोणीतरी उंबऱ्यातून पाहते त्याचाच प्रवास होतो, अशी आपल्या लोकांची फार जुनी समजूत आहे. दारात उभे राहून निरोप देणे, हातावर दही ठेवणे, हे सारे साक्षीदार गोळा करणेच आहे. तीन गावी चावीच्या डब्यांवर तडजोड झाली. बोलोन्यात मात्र खुशीने एक घर शोधले, जिथे जिन्याच्या एका बाजूला पाहुण्यांची खोली होती आणि समोरच्या दाराआड म्हातारी मालकीण स्वतः राहत होती. मजला तिसरा होता, पण लिफ्ट होती.

सारे ठरले, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आले की निघायचा दिवस पितृपक्षात येतो.

गोवर्धनरावांचे म्हणणे पडले की आपले पितर भातकुलीचे, ते इटलीत काय बघायला येतात. पण मनकर्णाबाईने श्रावणातला एक सोमवार धरला आणि मला खुंटीवरून काढले. या वेळी तिने तांदूळ-सुपारीवर भागवले नाही. तीन यात्रा मोडल्या त्याचे कारण तिच्या मते उघड होते: माझ्या पोटात अशी वस्तू कधी नव्हतीच, जिच्याशिवाय जाणे अशक्य आहे. तांदूळ मागे राहिले तर माणसाचे काय अडते? म्हणून तिने दोघांचे पासपोर्ट माझ्यात ठेवले आणि दुहेरी गाठ मारली. तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. फजिती बहुतेक वेळा अशा निर्दोष तर्कातूनच होते.

ठेवायचे कुठे, तर समोर. समोरच्या घरी संघपालभाऊ आणि ललिताताई राहत. ललिताताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. संघपालभाऊ रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले. बडनेऱ्याला त्या पॅसेंजरला वर्षानुवर्षे झेंडी दाखवणारे ते हेच. त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचे छायाचित्र होते, पंचांग नव्हते. मुहूर्त न पाळणाऱ्या घरी मुहूर्ताची वस्तू ठेवायला न्यायची, हे मनकर्णाबाईला अजिबात विसंगत वाटले नाही. तिला हवा होता माणूस.

तिने एक अट घातली. “भाऊ, मी मांगाले आली तरी देऊ नका. निघतानाच द्या. मी तीनदा वापस आणलं, चौथ्यांदा माह्या हातात ते राहू देऊ नका.”

संघपालभाऊंनी वहीचा कागद फाडून पावती लिहिली: एक नग, लाल रुमाल, गाठ बंद, आतील मालाची माहिती नाही, निघण्याच्या दिवशीच परत. खाली सही, तारीख आणि वेळ. त्यांनी मला पुस्तकांच्या कपाटावर ठेवले. तिथे माझी विद्वानांशी पुन्हा गाठ पडली.

दोन आठवडे सुखात गेले. मग एका सकाळी समोरून खुशीचा फोनमधला आवाज आला. व्हिसाची वेळ मिळाली होती, गुरुवारी, मुंबईला. दोघांनी जायचे, बोटांचे ठसे द्यायचे, खोल्यांचे कागद आणि पासपोर्ट सोबत न्यायचे. मनकर्णाबाईची समजूत अशी होती, की गाड्या फोनवर झाल्या, खोल्या फोनवर झाल्या, तसा व्हिसाही होईल. गुरुवार हुकला तर पुढची वेळ, खुशी म्हणाली, तिची सुटी संपल्यावरची होती.

 मग गोवर्धनराव बनियनवरच इकडे आले.

त्यांनी मी कुठे ठेवलेलो आहे ते बरोबर हेरले आणि हात वर केला. संघपालभाऊंनी पावती दाखवली.

“अरे, पासपोर्ट हाये त्यात,” गोवर्धनराव म्हणाले.

“राहीन. आतला माल मले माहीत नाही, असं लिवलं हाये.”

“तू तं हे मानतच नाही लेका. काहून अडून राहिला मंग?”

“मुहूर्त नाही मानत. शब्द मानतो.”

गोवर्धनरावांनी मैत्रीचा, शेजाराचा आणि मागच्या दिवाळीच्या चिवड्याचा दाखला देऊन पाहिला. उपयोग झाला नाही. शेवटी मनकर्णाबाई आली. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. तिच्या चेहऱ्यावर मी तीनदा पाहिलेले तेच भाव होते: परत न्यायला आलेल्या माणसाचे.

“द्या भाऊ,” ती म्हणाली. “गाठ सोडून देते. मोडली तं मोडली. नेलं नाही तरी मोडते, नेलं तरी मोडते.”

संघपालभाऊ उठले, पण कपाटाकडे गेले नाहीत. “वहिनी,” ते म्हणाले, “तीस वर्षं मी झेंडी दाखवली अन् दर वेळी मांगे पाह्यलं तं तुमी फलाटावर. आमच्या गाडीत तुमच्या टोपल्या, अन् तुमी खाली. ह्या खेपेला तुमाले वापस नेऊ देत नाही.”

 मला माझ्या गाठीचा त्या क्षणी जितका भार वाटला तितका कधी वाटला नव्हता. ती सुटली तर चौथी यात्रा समोरच्या घरात संपणार होती. न सुटली तर गुरुवारी मुंबईत.

ललिताताई आतून हात पुसत आल्या. मुख्याध्यापिकेला भांडण संपवण्यापेक्षा वर्ग सुरू करण्याची घाई असते. त्यांनी विचारले, पावतीत काय लिहिले आहे. निघण्याच्या दिवशी परत. मग मनकर्णाताई बुधवारी निघणारच आहेत ना? मुंबईला जाणे हेही निघणेच झाले.

“अन् मुंबईवरून वापस?” गोवर्धनरावांनी विचारले. “एकदा प्रस्थान उचललं का यात्रा पुरी झाल्याबगर घरात पाय नाही ठेवता येत. विमानाले तं तीन हप्ते हायेत.”

“घरी कोण जा म्हणते?” ललिताताई म्हणाल्या. “त्या इथं उतरतीन. आमची मधली खोली रिकामी हाये. जिना नाही अन् मालक घरी असते.”

अशा प्रकारे बुधवारी संध्याकाळी मनकर्णाबाईने माल मिळाल्याची सही करून मला उचलले आणि स्वतःच्या घराकडे न पाहता ती स्टेशनकडे चालू लागली. इटलीच्या रेल्वेप्रवासाचे पहिले तिकीट अमरावती ते मुंबई असे होते. ती खिडकीपाशी बसली. बडनेरा आले तेव्हा फलाटावर कोणाच्या तरी टोपल्या होत्या. ती मला मांडीवर घट्ट धरून त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि या वेळी मागे पडला तो फलाट होता.

मुंबईत गाठ सुटली. वाटेत सुटलेल्या गाठीचा दोष लागत नाही, असे तिने ठरवले आणि मी दुजोरा दिला. व्हिसाच्या कार्यालयाने पासपोर्ट ठेवून घेतले. परतल्यावर ती सरळ संघपालभाऊंकडे उतरली, मला पुन्हा बांधून कपाटावर ठेवले, आणि एका अपूर्व मुक्कामाला सुरुवात झाली.

बाई यात्रेला गेली होती आणि गल्लीच्या पलीकडे बसून शेंगा सोलत होती. गोवर्धनराव मात्र रोज घरी जात. त्यांचे म्हणणे, प्रस्थान मनकर्णाचे होते, आपला नुसता पासपोर्ट होता. त्यांना वरण करता येत नव्हते. म्हणून ते पातेले घेऊन दारात उभे राहत आणि ती गल्लीपलीकडून हळद किती, मीठ किती ते सांगे. मीठ दोनदा पडे. भाजीवाली तिला विचारी, “काहून हो काकू, नाही गेल्या?” आणि ती शांतपणे सांगे, “गेली न. वाटेत हावो.” तिची श्राद्धाची भांडी समोर, ती इकडे, सकाळी ती या घरची बुद्धवंदना ऐके, संध्याकाळी ललिताताई तिला इटालियन भाषेतले दोन शब्द शिकवत, जे त्यांनीही आदल्या दिवशी फोनवर ऐकलेले असत. आठव्या दिवशी ती म्हणाली, की इतके दिवस समोरून स्वतःचे घर तिने कधी पाहिलेच नव्हते. गच्चीचा पाइप वाकडा बसवला आहे, हे तिला तेव्हा कळले.

निघायला चार दिवस असताना कुरिअरवाला आला. पाकीट गोवर्धनरावांनी घेतले आणि न फोडताच ते गल्ली ओलांडून पळत आले. त्यांना पळताना मी बनियन गुलाबी झाल्या त्या दिवसानंतर प्रथमच पाहिले. व्हिसा मिळाला होता. संघपालभाऊंनी पाकिटाची नवी पावती लिहायला घेतली, तेव्हा ललिताताईंनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण प्रवासवर्णने पुष्कळ आहेत. रोमला चावीच्या डबीचे आकडे लागेनात आणि गोवर्धनरावांनी बाहेर उभे राहून चोरांविषयी सहानुभूती व्यक्त केली. फ्लोरेन्सकडे जाताना मनकर्णाबाईने दीड तास काचेवरून कपाळ हलवले नाही. खिडकीबाहेर सूर्यफुलांची वाळलेली शेते गेली. “हे कोण पोचवते?” एवढेच तिने शेवटी विचारले, आणि आपणच हसली.

आता मी बोलोन्यात आहे. उद्या सकाळी त्यांना परत निघायचे आहे. आज दुपारी तिने मला पलंगावर पसरले आणि माझ्यात वापरलेली तिकिटे ठेवली, सगळ्या गाड्यांची. पासपोर्ट तिने आधी पर्समध्ये घातले आणि दोनदा तपासले. मग गाठ मारून तिने समोरचे दार वाजवले.

गोवर्धनरावांनी मागून विचारले, “अवं, घरी जायाले कोणी प्रस्थान ठेवते काय?”

“त्या बाईनं पाह्यलं पाह्यजे,” ती म्हणाली, “का आपुन आलो होतो.”

म्हातारीने दार उघडले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मनकर्णाबाईने मला पुढे केले, मग उद्याच्या सूर्याची खूण केली, मग जाण्याची. म्हातारीने आधी माझा वास घेतला. खाण्याचे काही नाही याची खात्री झाल्यावर तिची थोडी निराशा झाली असावी. तरी तिने मला दोन्ही हातांनी घेतले आणि कपाटावर, तिच्या कोणा संताच्या तसबिरीशेजारी ठेवले. मग परत येऊन मनकर्णाबाईचा हात धरला आणि मान हलवली. पावती दिली नाही. लागलीही नाही.

तेव्हा माझी अवस्था अशी आहे. रंग अजून जातो. एक कोपरा विरला आहे. जो आयुष्यभर समोरच्या घरापर्यंतच गेला, तो आजही समोरच्या घरातच आहे. फक्त हे समोर जरा लांबचे निघाले. तुमच्या घरी खुंटीवर असा एखादा जाड रुमाल असेल, तर त्याने फरशी पुसू नका. त्याला कोणाकडे तरी ठेवून या, आणि तुम्ही मागायला आलात तरी जो देणार नाही असा माणूस त्यासाठी निवडा.

उद्या दार वाजेल. म्हातारी उंबऱ्यात उभी राहील. मला परत घरी न्यायला मनकर्णाबाई चौथ्यांदा येईल, पण या खेपेला ती जाऊन आलेली असेल.